परवानगीचा प्रश्न एकाच ठिकाणी विचारा : शाखा असलेल्या संस्थेच्या वेब सॉफ्टवेअरसाठी सविस्तर मार्गदर्शन

खानापूर शाखेतली क्लार्क शहापूर शाखेतल्या सभासदाचं खातं उघडायला गेली की पडद्यावर "परवानगी नाही" येतं. तिनेच त्या खात्याचा उतारा छापायला घेतला की पीडीएफ बिनबोभाट निघतो. मोबाइल ॲपमध्ये नाव टाकून शोधलं तर पत्ता, फोन, शिल्लक सगळं समोर. आणि मॅनेजरांना मात्र स्वतःच्याच शाखेतलं व्हाउचर रद्द करता येत नाही, कारण त्या एका स्क्रीनवर कुणीतरी कधीतरी "फक्त हेड ऑफिस" अशी अट लिहून ठेवली आहे. ही चारही उत्तरं एकाच सॉफ्टवेअरची आहेत.

बेळगाव, निपाणी, खानापूर, चिकोडी या पट्ट्यात पतसंस्था, सौहार्द संस्था, दूध सोसायट्या, शिक्षण संस्था यांचं बरंचसं सॉफ्टवेअर इथल्याच छोट्या टीम लिहितात. एका शाखेसाठी सुरू झालेलं काम पुढे पाच शाखांना पुरवावं लागतं. नवी स्क्रीन आली की ज्याने ती लिहिली त्याने त्या दिवशी सुचेल तशी परवानगीची तपासणी घातली, असं होत जातं. परिणाम असा की "हा माणूस, हे काम, या नोंदीवर करू शकतो का?" हा एकच प्रश्न शेकडो ठिकाणी, प्रत्येक ठिकाणी वेगळ्या पद्धतीने विचारला जातो. हा प्रश्न एकाच ठिकाणी विचारायला लावायचा आणि सॉफ्टवेअरमधल्या प्रत्येक वाटेने तिथूनच जायचं, एवढंच या लेखात सांगायचं आहे. मात्र ते तडीस नेताना बरीच बारीक कामं करावी लागतात.

हा विचार जुना आहे. साल्टझर आणि श्रोडर यांनी १९७५ मध्ये संगणक सुरक्षेची जी तत्त्वं मांडली, त्यांत "प्रत्येक वेळी, प्रत्येक वस्तूसाठी तपासणी झालीच पाहिजे" आणि "स्पष्ट परवानगी नसेल तर उत्तर नाही" ही दोन आहेतच. तरीही ओवॅस्प या वेब सुरक्षेवर काम करणाऱ्या संस्थेच्या वेब धोक्यांच्या यादीत तुटक्या परवानगीचा दोष २०१७ मध्ये पाचव्या क्रमांकावर होता, तो २०२१ मध्ये पहिल्या क्रमांकावर आला.

उदाहरण म्हणून एक संस्था कल्पून घेऊ. हेड ऑफिस बेळगावात; शाखा शहापूर, खानापूर आणि निपाणीला; आणि एक शाखा सीमेपलीकडे चंदगडला, म्हणजे संस्था बहुराज्य कायद्याखाली नोंदलेली. माणसं अशी : पिग्मी एजंट, क्लार्क, कॅशियर, शाखा मॅनेजर, हेड ऑफिसचा लेखा विभाग, ऑडिटर, संचालक आणि स्वतः सभासद.

आधी सगळी दारं मोजा

कोडला हात लावण्याआधी यादी करा. सॉफ्टवेअरमध्ये बाहेरून आत यायच्या जेवढ्या वाटा आहेत तेवढ्या सगळ्या एका शीटमध्ये उतरवा. लाराव्हेल, रेल्स, जँगो ही वेब सॉफ्टवेअर लिहिण्याची तयार चौकट, म्हणजे फ्रेमवर्क. लाराव्हेलमध्ये आणि रेल्समध्ये सगळे रूट, म्हणजे आत यायचे पत्ते, दाखवणारी आज्ञा आहे. जँगोमध्ये यूआरएलची यादी काढून देणारं तयार एक्स्टेन्शन मिळतं. साधं पीएचपी असेल तर फोल्डरमधली प्रत्येक फाइल हेच एक दार समजा. प्रत्येक दारासमोर चार रकाने ठेवा : इथे काय काम होतं, कोणत्या नोंदीवर होतं, सध्या तपासणी कुठे लिहिली आहे, आणि ती नेमकी काय तपासते. चौथा रकाना भरताना कोड वाचावाच लागतो. त्याचा कंटाळा करू नका, कारण पुढचं सगळं काम त्याच रकान्यावर उभं आहे.

त्यानंतर कोडमध्ये भूमिकांची नावं शोधा. जे सापडतं ते साधारण तीन तऱ्हेचं असतं. एक, "भूमिका मॅनेजर असेल तर" अशा अटी. दोन, "शाखा क्रमांक ३ असेल तर" अशा. आणि तीन, सर्वांत घातक, "यूजर क्रमांक ७ असेल तर", म्हणजे एका विशिष्ट माणसासाठी केलेली सोय. तो माणूस निवृत्त झाला तरी ती अट तिथेच असते आणि त्याचं लॉगिन दुसऱ्याच्या नावे केलं की ते सगळे अधिकार त्या दुसऱ्याला आपोआप मिळतात.

आपल्या भागात आणखी एक प्रकार हमखास निघतो. स्क्रीन मराठीत, कन्नडमध्ये आणि इंग्रजीत असते, आणि तपासणी भूमिकेच्या पडद्यावरच्या नावाशी केलेली असते. कन्नड निवडलेल्या मॅनेजरला मग मंजुरीचं बटणच दिसत नाही आणि "सॉफ्टवेअर बिघडलंय" असा फोन येतो. भूमिकेची आतली खूण कायम एकच ठेवा. पडद्यावर तिचं नाव कोणत्याही भाषेत दाखवा, पण तुलना कधीही त्या नावाशी करू नका.

मॅनेजरांसोबत बसून तक्ता लिहा

इथे प्रोग्रामरने एकट्याने बसून अंदाज बांधायचा नाही. शाखेत जा आणि विचारा. "मॅडम, कर्जाची फाइल कोण बघतं?" असं विचारलंत तर उत्तर येईल, "सगळेच बघतात की." ते खरं उत्तर नसतं. पुढचा प्रश्न विचारा, "निपाणीच्या क्लार्कनं खानापूरच्या कर्जदाराची फाइल उघडली तर चालेल?" लगेच आवाज बदलतो, "नाही नाही, तसं कसं चालेल?" प्रत्येक कामासाठी हा दुसरा प्रश्न विचारायचा. संस्थेचे नियम लोकांच्या तोंडी असतात, फक्त ते आपणहून सांगितले जात नाहीत.

तक्त्यात स्क्रीनची नावं लिहू नका, कामांची नावं लिहा. स्क्रीन बदलतात, कामं बदलत नाहीत. खातं पाहणं, खातं उघडणं, सभासदाचा पत्ता बदलणं, कर्ज प्रस्ताव मांडणं, कर्ज मंजूर करणं, रक्कम वाटप करणं, व्हाउचर लिहिणं, व्हाउचर पास करणं, व्हाउचर रद्द करणं, अहवाल डाउनलोड करणं. प्रत्येक कामाला एक ठरावीक खूण द्या, उदाहरणार्थ "व्हाउचर.पास". "संपादन" अशी एकच ढोबळ खूण ठेवलीत तर पत्त्यातलं चुकलेलं अक्षर दुरुस्त करणारा माणूस व्याजदरही बदलू शकेल.

आडव्या ओळीत भूमिका, उभ्या रकान्यात कामं. पण चौकटीत नुसती बरोबरची खूण करू नका, अट लिहा : "स्वतःची शाखा", "स्वतः गोळा केलेली खाती", "स्वतःचंच खातं", "फक्त वाचन, नेमलेल्या तारखांपुरतं". भूमिकेवर आधारलेल्या परवानगीची पद्धत फेराइओलो आणि कून यांनी १९९२ मध्ये मांडली आणि २००४ मध्ये तिचं अमेरिकी मानक झालं. ती उत्तमच आहे. पण शाखांच्या संस्थेत भूमिका ही अर्धीच माहिती असते. उरलेली अर्धी नोंदीत असते : ती कोणत्या शाखेची, कुणी लिहिली, कोणत्या टप्प्यावर आहे. तक्त्यात अटी नसतील तर त्या पुन्हा स्क्रीनच्या कोडमध्ये शिरतील आणि आपण होतो तिथेच परत येऊ.

जामीनदाराचं उदाहरण घ्या. कर्जदार खानापूरचा, जामीनदार निपाणी शाखेचा सभासद. हाच सभासद निपाणीत नवं कर्ज मागायला आला, तर तिथल्या क्लार्कला तो आधी किती रकमेला जामीन आहे हे कळायलाच हवं. पण त्यासाठी खानापूरच्या कर्जदाराची अख्खी फाइल, त्याचा पगार, जमिनीचा उतारा हे सगळं तिला दिसण्याचं कारण नाही. बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये इथे दोनच पर्याय असतात, सगळं किंवा काहीच नाही, आणि कामाची अडचण नको म्हणून "सगळं" निवडलं जातं. त्याऐवजी "जामीनकी.पाहणे" असं वेगळं काम करा. ते फक्त चार गोष्टी दाखवेल : कर्जाचा क्रमांक, शाखा, जामिनाची रक्कम, थकीत आहे की नाही. तक्ता लिहिताना अशा जागा सापडल्या की तिथे रेंगाळा. अशाच ठिकाणी "सगळ्यांना दिसू दे" म्हणून परवानग्या सैल झालेल्या असतात.

तक्ता पुरा झाला की मॅनेजर आणि हेड ऑफिसची सही घ्या. पुढे "हे बंद का केलंत?" असं कुणी विचारलं, तर उत्तर त्या कागदावर असेल.

एक फंक्शन, तीन प्रश्न

आता कोड. एकच फंक्शन लिहा. त्याला तीन गोष्टी द्यायच्या : कोण, कोणतं काम, कशावर. ते उत्तर देईल हो किंवा नाही, आणि नाही असेल तर कारण.

```
परवानगी(कोण, काम, वस्तू):
    कोण सक्रिय नाही                      → नाही, "लॉगिन बंद"
    (कोण.भूमिका, काम) तक्त्यात नाही      → नाही, "भूमिकेला अधिकार नाही"
    वस्तू.शाखा ही कोण.शाखांमध्ये नाही     → नाही, "दुसरी शाखा"
    काम = "व्हाउचर.पास" आणि
        वस्तू.लिहिणारा = कोण             → नाही, "स्वतःची नोंद"
    तक्त्यातली अट पुरी होत नाही           → नाही, "अट अपूर्ण"
    नाहीतर                              → हो
```

पहिली पाच वाक्यं नकाराची आहेत हे लक्षात घ्या. एखादं नवं काम तक्त्यात घालायचं राहिलं तर ते कुणालाच जमणार नाही, लगेच फोन येईल आणि दहा मिनिटांत दुरुस्त होईल. उलट पद्धतीने, म्हणजे "मनाई नसेल तर हो" असं लिहिलं, तर राहून गेलेलं काम सगळ्यांना जमेल आणि कुणाचाच फोन येणार नाही.

चौथी अट नीट बघा. ज्याने व्हाउचर लिहिलं त्यानेच ते पास करायचं नाही, हा नियम प्रत्येक संस्थेत माहीत असतो. पण सॉफ्टवेअरमध्ये तो बरेचदा "पास करायचं काम मॅनेजरचं" एवढ्यावरच भागवलेला असतो. मॅनेजरने स्वतःच व्हाउचर लिहिलं की तोच ते पासही करू शकतो. भूमिका बघून हे कळत नाही, नोंद बघावी लागते. म्हणून तिसरा प्रश्न, "कशावर", कधीही गाळायचा नाही. ज्या कामाला अजून नोंदच नाही, जसं की नवं खातं उघडणं, तिथे वस्तू म्हणून शाखा द्या.

तुमच्या फ्रेमवर्कमध्ये याला जागा असते, ती वापरा. लाराव्हेलमध्ये पॉलिसी, रेल्समध्ये पंडित हे जेम (वरून जोडायचा तयार कोड), जँगोमध्ये परवानगीचे बॅकएंड (हो-नाही ठरवणारा कोड). पण त्यांच्या मूळ वागण्याची खातरजमा करून घ्या. जँगोचं मूळ बॅकएंड परवानगी विचारताना वस्तू दिली की साध्या यूजरला सरळ नाही म्हणतं. वस्तूचा विचार करणारं बॅकएंड आपणच लिहावं लागतं. आणि सुपरयूजरला, म्हणजे सगळे अधिकार असलेल्या लॉगिनला, ते कायम हो म्हणतं, बाकी काही न बघता. लाराव्हेलच्या गेटमध्ये, म्हणजे परवानगी तपासणाऱ्या भागात, "आधी" चालणारं फंक्शन हो म्हणालं की पुढच्या सगळ्या अटी गळून पडतात. म्हणजे सुपरयूजर स्वतःचं व्हाउचर स्वतः पास करू शकतो. संस्थेच्या रोजच्या कामासाठी सुपरयूजरचं लॉगिन कुणालाही देऊ नका, चेअरमनसाहेबांनाही नाही. त्यांना संचालकाची भूमिका द्या, तिला जे हवं ते तक्त्यात लिहा.

एक नोंद आणि अख्खी यादी : नियम एकच हवा

माझ्या मते या सगळ्या कामातला हा सर्वांत अवघड आणि सर्वांत दुर्लक्षित भाग आहे.

एक खातं उघडताना आपण परवानगी विचारतो. पण खात्यांची यादी काढताना काय? सगळी खाती डेटाबेसमधून आणायची आणि मग एकेकाला गाळायचं, असं केलं तर दोन गोष्टी बिघडतात. पानावर वीस नोंदी यायला हव्या तिथे तीन दिसतात, बाकीच्या गळालेल्या असतात. आणि वर लिहिलेली एकूण संख्या व एकूण शिल्लक मात्र सगळ्या शाखांची येते. खानापूरच्या क्लार्कला निपाणीची नावं दिसत नाहीत, पण निपाणीच्या ठेवींचा आकडा तिला वजाबाकी करून काढता येतो.

म्हणून गाळणी डेटाबेसला प्रश्न विचारतानाच लागली पाहिजे. आपल्या पहिल्या फंक्शनचं जुळं भावंड लिहा : "दिसणारी(कोण, काम, खाती)". ते यादी आणत नाही, यादीच्या प्रश्नाला अट जोडून देतं. पंडितमध्ये यालाच स्कोप म्हणतात. यापुढे कोणत्याही स्क्रीनने, अहवालाने किंवा शोधाने "सगळी खाती" असं मागायचंच नाही. कायम "या माणसाला दिसणारी खाती" असंच मागायचं. एक नोंद उघडतानाही तेच. "खातं क्रमांक ४५२१ आण आणि मग तपास" याऐवजी "दिसणाऱ्या खात्यांतून ४५२१ आण". यूआरएलमधला ४५२१ बदलून ४५२२ टाकणाऱ्याला मग काहीच सापडत नाही. खाते क्रमांक ओळीने वाढणारे असतात, त्यामुळे हा प्रयोग करायला कुणालाही तांत्रिक ज्ञान लागत नाही.

जुळी भावंडं म्हटली तरी ती वेगवेगळ्या वाटेला जाऊ शकतात : उद्या एकात अट बदलली आणि दुसऱ्यात राहिली. त्यासाठी एक टेस्ट हवीच. चाचणीच्या डेटाबेसमध्ये प्रत्येक शाखेची थोडी खाती ठेवा. प्रत्येक भूमिकेसाठी यादीतून जी खाती आली, ती आणि एकेका खात्यावर "परवानगी" विचारून जी हो आली, ती अशा दोन याद्या तंतोतंत जुळल्या पाहिजेत. एका खात्याचाही फरक निघाला तर टेस्ट नापास.

पोस्टग्रेस हा डेटाबेस वापरत असाल तर डेटाबेसमध्येच आणखी एक कुंपण घालता येतं. ९.५ आवृत्तीपासून, म्हणजे २०१६ पासून, त्यात ओळीनिहाय सुरक्षा आहे : टेबलावर धोरण लावलं की ज्या शाखेचा अधिकार आहे तेवढ्याच ओळी बाहेर येतात, प्रोग्रामर अट विसरला तरी. यात दोन खाचखळगे आहेत. टेबलाच्या मालकाला हे धोरण आपोआप लागू होत नाही, सक्ती वेगळी लावावी लागते, आणि डेटाबेसच्या सुपरयूजरला ते कधीच लागत नाही. तेव्हा वेब सॉफ्टवेअरसाठी वेगळा, कमी अधिकारांचा डेटाबेस यूजर ठेवा. दुसरं म्हणजे कनेक्शन पूल असेल, म्हणजे डेटाबेसची तीच जोडणी अनेक विनंत्यांना आळीपाळीने वापरली जात असेल, तर "सध्याची शाखा" ही किंमत डेटाबेसच्या त्या एका ट्रान्झॅक्शनपुरतीच ठेवा, नाहीतर निपाणीच्या माणसाची शाखा तशीच राहून पुढच्या चंदगडच्या विनंतीला चिकटते. मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये अशी सोय अंगभूत नाही. तिथे सगळी भिस्त "दिसणारी" या फंक्शनवरच.

नकाराचं उत्तर कसं द्यायचं हेही एकदाच ठरवून टाका. वेब सर्व्हर उत्तरासोबत ठरावीक क्रमांक पाठवतो. लॉगिनच नसेल तर ४०१. लॉगिन आहे पण अधिकार नाही, तर ४०३. आणि नोंद आहे हेच समजू द्यायचं नसेल तर ४०४, म्हणजे "सापडलं नाही". एचटीटीपीच्या, म्हणजे वेबवरच्या देवाणघेवाणीच्या, २०२२ च्या मानकातही याला मुभा आहे. पतसंस्थेत दुसऱ्या शाखेच्या खात्यासाठी मी ४०४ पसंत करते, कारण अमक्याचं तिथे खातं आहे ही माहितीसुद्धा गावात महागात पडू शकते. स्वतःच्याच शाखेतलं, पण अधिकाराबाहेरचं काम असेल तर ४०३ आणि कारण स्पष्ट मराठीत-कन्नडमध्ये द्या : "हे व्हाउचर तुम्हीच लिहिलं आहे, दुसऱ्या अधिकाऱ्याकडून पास करून घ्या." नुसतं "परवानगी नाही" वाचून माणूस शेजारच्याचं लॉगिन मागतो.

बटण दाखवायचं की नाही

"दादा, बटण दिसतंय, पण दाबलं की परवानगी नाही म्हणतंय." असा फोन आला म्हणजे सर्व्हर एक नियम पाळतोय आणि स्क्रीन दुसरा. स्क्रीनच्या कोडमध्ये भूमिकेची अट लिहिणं पूर्ण बंद करा. सर्व्हरने नोंद पाठवताना तिच्यासोबतच "या माणसाला या नोंदीवर करता येणारी कामं" अशी छोटी यादी पाठवावी, आणि ती त्याच "परवानगी" फंक्शनला विचारून बनवावी. स्क्रीनने फक्त बघायचं : यादीत "व्हाउचर.रद्द" आहे का? असेल तर बटण दाखव. मराठी आणि कन्नड स्क्रीनच्या वेगळ्या टेम्प्लेट फाइल असतील तर हे दुप्पट महत्त्वाचं. एका फाइलमध्ये बटण लपवलं आणि दुसऱ्या भाषेच्या फाइलमध्ये तसंच राहिलं, हे हमखास घडतं.

बटण लपवणं ही माणसाची सोय आहे. संरक्षण सर्व्हरवरच व्हायचं.

मागची दारं

पुढचं दार बंद करून झालं की बाकीच्या वाटा बघा. पीडीएफ, एक्सेल, छपाई या प्रत्येकाने तीच दोन फंक्शनं वापरली पाहिजेत. "अहवाल.डाउनलोड" हे पाहण्यापेक्षा वेगळं काम ठेवा, पडद्यावर एक खातं बघणं आणि पेनड्राइव्हवर हजार खाती नेणं यांत फरक आहे.

कर्जाच्या फाइलींसोबत जोडलेली कागदपत्रं हा मोठा धोका. कर्नाटकातल्या जमिनीचा आरटीसी उतारा, चंदगडकडचा सातबारा, आधारची प्रत, पगाराचा दाखला, हे सगळं अनेकदा वेब सर्व्हरच्या उघड्या फोल्डरमध्ये पडलेलं असतं. पत्ता माहीत असला की लॉगिनशिवायही फाइल उघडते. या फाइली वेब फोल्डरच्या बाहेर हलवा. मागणी आली की आधी ज्या कर्जाची फाइल आहे त्या कर्जावर परवानगी तपासा, मगच फाइल द्या. क्लाउडवर ठेवल्या असतील तर काही मिनिटांत मुदत संपणारी लिंक द्या. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात माहितीची पुरेशी काळजी न घेतल्याबद्दल २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. छोट्या संस्थेवर एवढा दंड बसेल असं नाही, पण संचालक मंडळाला हे काम का करायचं ते समजावताना हा मुद्दा कामी येतो.

शोधाच्या चौकटीत दोन अक्षरं टाकली की खाली नावं सुचवली जातात. ती कोणत्या गाळणीतून येतात ते बघा. कॅशमध्ये, म्हणजे पुन्हा चटकन देता यावीत म्हणून, साठवून ठेवलेली पानं बघा, कॅशच्या खुणेत शाखा आणि भूमिका नसेल तर मॅनेजरसाठी बनलेलं पान क्लार्कला मिळतं. रात्री चालणारी कामं बघा : व्याज आकारणी, थकबाकीचे एसएमएस. त्यांना "सगळ्यांचे अधिकार" देऊ नका. प्रत्येकाला स्वतःचं नाव असलेली यंत्रणा-भूमिका द्या आणि तक्त्यात तिची वेगळी उभी ओळ ठेवा. एखाद्या माणसाने मागितलेला मोठा अहवाल रात्री तयार होणार असेल, तर तो त्या माणसाच्या अधिकारात, तयार होण्याच्या वेळी पुन्हा तपासून बनवा.

पिग्मीचा विचार वेगळा करावा लागतो. १९२८ मध्ये उडुपीच्या सिंडिकेट बँकेने सुरू केलेली ही दारोदार रोजची ठेव आज इथल्या जवळपास प्रत्येक पतसंस्थेत आहे. एजंट मोबाइलवर किंवा छोट्या यंत्रावर नोंद करतो, खानापूरच्या जंगलपट्ट्यातल्या गावांत नेटवर्क मिळत नाही, आणि संध्याकाळी सगळं एकदम सर्व्हरवर चढतं. यंत्रावर एजंटाची नेमलेली खातीच उतरवा, शाखेची सगळी नाही. चढवताना प्रत्येक नोंद पुन्हा "परवानगी"मधून न्या. सकाळी त्याचा भाग बदलला आणि त्याने जुन्या भागातले पैसे घेतले असतील, तर नोंद फेकून देऊ नका, सभासदाने पैसे खरंच दिलेले आहेत. ती "मॅनेजरच्या तपासणीसाठी" अशा थांब्यावर ठेवा. ऑफलाइन कामात नकाराचा अर्थ "थांबवा आणि दाखवा" असाच ठेवावा लागतो.

बदली, रजा आणि चार्ज

निपाणीचा क्लार्क शहापूरला बदलून आला, पण त्याच्या लॉगिन टोकनमध्ये, म्हणजे लॉगिन झाल्यावर मिळालेल्या ओळखीच्या चिठ्ठीत, जुनी शाखा आणि जुनी भूमिका लिहिलेली आहे. टोकन संपेपर्यंत तो निपाणीचाच राहतो. टोकनमध्ये फक्त "हा कोण" एवढंच ठेवा. भूमिका आणि शाखा दर विनंतीला डेटाबेसमधून वाचा. या आकाराच्या संस्थेत त्याने वेग कमी होत नाही.

मॅनेजर रजेवर गेले की सीनिअर क्लार्ककडे चार्ज येतो. सॉफ्टवेअरमध्ये चार्ज देण्याची सोय नसेल तर पासवर्ड दिला जातो. मग कागदावरचा सगळा तक्ता व्यर्थ. म्हणून चार्ज ही स्वतंत्र नोंद करा : कुणाकडून, कुणाकडे, कोणती कामं, कधीपासून कधीपर्यंत. मुदत संपली की चार्ज आपोआप उतरला पाहिजे. आणि चार्ज असतानाही "स्वतःची नोंद स्वतः पास नाही" ही अट कायम राहील. एक छोटीशी स्क्रीन लागते, पण पासवर्ड वाटून घेण्याची गरज त्यामुळे खरोखर संपते.

टेस्ट

सहीचा तक्ता फाइलमध्ये घाला आणि टेस्टने तोच वाचावा. आठ भूमिका आणि चाळीस कामं असतील तर ३२० चौकटी होतात. प्रत्येक चौकटीसाठी स्वतःच्या आणि परक्या शाखेची नोंद घेऊन विचारलं तर ६४० तपासण्या, आणि मशीन त्या काही सेकंदांत करतं. यांतल्या "नाही" उत्तरांवर जास्त भर द्या.

दुसरी टेस्ट रूटच्या यादीवर चालवा : प्रत्येक रूटने कोणत्या कामाची परवानगी तो विचारतो हे जाहीर केलेलं असलंच पाहिजे, नाहीतर टेस्ट नापास. लॉगिनच्या पानासारखी मोजकी उघडी पानं नाव घेऊन वगळा. पंडितमध्ये परवानगी न विचारता काम उरकलं तर चूक फेकणारी सोय आहे, ती चालू ठेवा. जँगोच्या ५.१ आवृत्तीपासून सर्वत्र लॉगिन सक्तीचं करणारं मिडलवेअर (प्रत्येक विनंतीआधी चालणारा कोड) मिळतं, तेही लावा; पण ते फक्त लॉगिन बघतं, अधिकार नाही.

चालू सॉफ्टवेअरमध्ये बदल कसा उतरवायचा

एका रात्रीत सगळं बदलू नका, आणि मार्चमध्ये तर मुळीच नाही. ३१ मार्चच्या आधी-नंतर शाखांमध्ये मान वर करायला सवड नसते. पावसाळ्याच्या सुरुवातीचा काळ बरा.

आधी नवं फंक्शन जुन्या तपासणीच्या शेजारी नुसतं चालवा. निर्णय जुन्याचाच, पण दोघांचं उत्तर वेगळं आलं की नोंद करा : कोण, काम, कशावर, जुनं उत्तर, नवं उत्तर, कारण. आठवड्याला ती यादी मॅनेजरांसोबत वाचा. जिथे जुनं हो आणि नवं नाही, तिथे एकतर खरी गळती सापडते, नाहीतर तक्त्यात राहून गेलेलं खरंखुरं काम. जुनं नाही आणि नवं हो असेल तर थांबा, ती ओळ तक्त्यात का आली ते विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका. फरक निघायचे थांबले की एकेक विभाग नव्या फंक्शनकडे वळवा. सुरुवात व्हाउचरपासून करा, कारण तिथे नियम सर्वांना पाठ असतात आणि चूक लगेच कळते. मग खाती, मग कर्ज, अहवाल शेवटी.

नकारांची नोंद पुढेही चालू ठेवा. एकाच माणसाला दिवसात वारंवार "दुसरी शाखा" असा नकार मिळत असेल तर एकदा त्याला भेटा. बहुतेक वेळा जामीनदारासारखी एखादी खरी गरज सुटलेली असते आणि तक्त्यात एक काम वाढवावं लागतं.

विभाग वळवून झाला की जुन्या अटी त्याच आठवड्यात कोडमधून काढून टाका. त्या राहिल्या तर पुढचा प्रोग्रामर त्याच बघून नवी स्क्रीन लिहील. आणि कोड जमा होताना चालणाऱ्या तपासणीत एक ओळ घाला : परवानगीच्या फाइलीबाहेर कुठेही भूमिकेच्या नावाशी तुलना सापडली तर तो कोड स्वीकारायचा नाही.